वळवाचे तीन तास

(जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेले भाषण)



मेळावा सकाळी आठला ठेवला म्हणून बरेच जण आमच्यावर नाराज आहेत. साक्री, शिंदखेड्याकडची माणसे पहाटे तीनला उठून निघाली. रावेरची मंडळी रात्रीच येऊन देवळात झोपली. आजवर आपले मेळावे दुपारी चारला सुरू व्हायचे आणि दिवेलागणीनंतर उठायचे. "यंदाच हे काय खूळ काढलं?" असे एका नानांनी आम्हाला मांडवाच्या दारातच विचारले.

नाना, खूळ नाही. आखाजी होऊन गेली. आखाजीपासून मृगापर्यंत आपल्या खानदेशात दुपारी तीन ते रात्री आठ ही वादळाची वेळ. उघड्या मैदानात, लोखंडी खांबांच्या मांडवाखाली एवढी माणसे बसवायची आणि वर ढग गडगडायला लागले की पळापळ करायची, हे आम्ही एकदा करून बसलो आहोत. त्या दिवशी कनात उडून रस्त्यापलीकडच्या बाभळीला जाऊन अडकली. माणूस दगावला नाही हे नशीब. सभेची वेळ बदलायला दमडी लागत नाही. म्हणून यंदा बदलली.

भाव, कर्ज, वीजबिल हे विषय दुपारच्या सत्रात येतीलच. पण आधी हा वळवाचा विषय घेतला आहे. हे काय शेतकरी चळवळीचे काम आहे, ते हवामान खात्याचे काम नाही का, असे कुणाला वाटेल. मग हिशेब ऐका.

माघ-फाल्गुनात दादर निघते. कणसे खळ्यावर येतात आणि कडबा वावरात पेंढ्या बांधून पडलेला असतो. कोरडवाहू माणसाला ज्वारीचे पैसे किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. आपण दादर पेरतो ती भाकरीसाठी आणि बैलांच्या वैरणीसाठी. त्या कडब्यावर एक वादळी सर आली, पेंढ्या भिजल्या, चार दिवसांत काळ्या पडल्या, की गुरे तोंड लावत नाहीत. खळ्यावरची ज्वारी भिजली तर दाणा काळा पडतो. व्यापारी मूठभर हातात घेतो, फुंकर मारतो आणि अर्ध्या भावाची गोष्ट काढतो. कापसाचे तसेच. २०२३ साली भाव वाढेल म्हणून खानदेशातल्या किती घरांत कापूस मे-जूनपर्यंत पडून होता! राहण्याची जागा नाही इतका कापूस, आणि वर पत्रे. एका सोसाट्यात दोन पत्रे उडाले की वर्षभराची कमाई भिजून लगदा. याला सरकारी कागदावर नाव आहे "नैसर्गिक आपत्ती". आम्ही म्हणतो, यातली निम्मी आपत्ती वेळेवर निरोप न मिळाल्याची आहे.

आता आधी हे वादळ होते कसे ते नीट समजून घेऊ. समजल्याशिवाय कुणाला जाब विचारायचा आणि कुणाला नाही हे कळणार नाही.

आपला मुलुख बघा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री, मधे तापीचे खोरे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. म्हणजे गुळाची काहीलच. एप्रिल-मे महिन्यात वावरे उघडी, माती काळी, वर सावली नाही. काळी माती ऊन पिते आणि हवेला लागून असलेला थर भट्टीसारखा तापतो. समुद्राचा गार वारा सह्याद्रीने अडवलेला. भुसावळचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो तो उगाच नाही.

तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. पण नुसत्या तापण्याने पाऊस पडत नाही. पडला असता तर भुसावळला मे महिन्यात रोज पूर आला असता. त्याला ओलावा लागतो. तो कधी अरबी समुद्राकडून येतो, कधी बंगालच्या उपसागराकडून. उन्हाळ्यात मध्य प्रदेशापासून खाली कर्नाटकापर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा बऱ्याचदा तयार होतो. त्याच्या एका अंगाला वायव्येकडचा कोरडा, भाजणारा वारा आणि दुसऱ्या अंगाला दमट वारा. हा पट्टा आपल्या डोक्यावर किंवा जवळपास आला की ओलावा खोऱ्यात शिरतो. मग सकाळपासूनच अंग चिकट होते, पंख्याखाली घाम वाळत नाही. दुपारी सातपुड्यावर कापसाच्या ढिगासारखे ढग चढू लागतात. बघता बघता ढग दहा-बारा, कधी पंधरा किलोमीटर उंच जातो. जमिनीवर ४२ अंश असताना सुमारे पाच किलोमीटर वर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. त्याच्याही वर ढगात बर्फ तयार होतो. बर्फाचे कण आणि पाण्याचे थेंब एकमेकांवर आपटून वीज साठते.

आणि पाऊस पडायला लागला की त्यातले बरेच पाणी खालच्या कोरड्या हवेतच सुकते. तुम्ही मडक्याला ओले फडके गुंडाळता तसे. हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली आपटते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तोच आपला सोसाट्याचा वारा. म्हणून पाऊस नंतर येतो, धूळ आधी येते. पारा दहा-पंधरा मिनिटांत आठ-दहा अंश उतरतो. अंगाला बरे वाटते, आणि तेवढ्यातच केळीचे खांब मोडतात, पत्रे उडतात.

गारांचेही यातूनच कळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरची थंडी खाली सरकलेली असते, गार वितळायच्या आत जमिनीवर येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साऱ्या महाराष्ट्राला गारांनी झोडपले, आपल्या दोन्ही जिल्ह्यांनाही. मे महिन्यात लहान गार वाटेतच पाणी होते. मोठीच तेवढी खाली पोचते. म्हणून दादर खळ्यावर असताना गारेची धास्ती जास्त, आणि कापूस घरात असताना वाऱ्याची.

आता मुद्द्याची गोष्ट. असा एक ढग जन्मतो, वाढतो, बरसतो आणि विरतो, किती वेळात? एकटा ढग असेल तर अर्धा ते एक तास. त्याचा घेर किती? पाच-दहा किलोमीटर. कधी एका ढगातून दुसरा उठतो आणि रांग धरून तालुका पार करतो, पण मूळ हिशेब हाच. चुलीवर कढी ठेवली की तिला उकळी येणार हे आधी सांगता येते. पहिला बुडबुडा भांड्याच्या कोणत्या बाजूला फुटेल हे सांगता येत नाही. चार दिवस आधी कुणी छातीठोक सांगत असेल की मंगळवारी दुपारी तुमच्या गावात वादळ होईल, तर तो आपल्याला फसवतो आहे किंवा स्वतः फसला आहे. मग तो मोबाइलवरचा अंदाजवाला असो की दिल्लीतला मोठा साहेब.

भेंडवळची घटमांडणी आपल्यातले कितीतरी जण आखाजीला जाऊन पाहून येतात. गाड्या भरून जातात. घागरीखाली मातीची चार ढेकळे ठेवतात. चार ढेकळे म्हणजे पावसाचे चार महिने. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून सांगतात. आम्ही त्यावर इथे वाद घालत नाही, आमच्यातही त्यावर दोन मते आहेत. हवामान खातेही एप्रिलमध्ये देशाचा अंदाज सांगते. हे काम ते १८८६ सालापासून करत आले आहे. तो साऱ्या देशाचा, चार महिन्यांचा असतो. देशात शंभर टक्के पाऊस पडूनही पारोळ्याची विहीर कोरडी राहू शकते. घट असो की खाते, दोघांच्याही या अंदाजात मंगळवारी दुपारी चारला कडबा झाका असे नसते. आपल्याला हवे असते नेमके तेच.

ते सांगता येते का? येते, पण तीन तास आधी.

ढग एकदा उठला की उपग्रहाला दिसतो, रडारला दिसतो, वीज चमकली की विजेच्या यंत्राला कळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने देशभर वीज टिपणारी यंत्रे बसवली आहेत. त्यावरचे 'दामिनी' हे मोबाइलचे ॲप तुमच्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडते आहे का ते दाखवते. हवामान खाते दर तीन तासांनी पुढच्या तीन तासांचा जिल्ह्याचा इशारा काढते. यात चूक होते, पण चार दिवसांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी. आणि गंमत बघा, आपल्या जुन्या माणसांच्या खुणाही याच तीन तासांच्या असत. वारा पडला, कोंडल्यासारखे झाले, चिमण्या वळचणीला आल्या, गुरे नाक वर करून उभी राहिली, सातपुडा काळा दिसायला लागला, की आजी अंगणातले पापड गोळा करायची. आजीने पुढच्या आठवड्याचे कधी सांगितले नाही.

मग चार-पाच दिवसांचा अंदाज फुकट का? नाही. तो वाचायला शिकले पाहिजे. हवामान खात्याच्या पत्रकात शब्द असतात: तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतेक सर्व ठिकाणी. हे शब्द शोभेचे नाहीत, त्यांना मापे आहेत. "तुरळक" म्हणजे शंभरातल्या फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस. "काही" म्हणजे सव्वीस ते पन्नास. "बऱ्याच" म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर. त्यावर गेले की "बहुतेक सर्व". म्हणजे "जळगाव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस" असे खाते म्हणाले आणि तुमच्या गावासह चारातली तीन गावे कोरडी राहिली, तर अंदाज चुकला नाही, बरोबर आला! आपण मात्र पारावर बसून हवामान खात्याला शिव्या घालतो. मग शिव्यांनाही किंमत राहत नाही, आणि इशाऱ्यालाही.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हातचे काम सोडा आणि जे करायचे ते आत्ता करा. पिवळ्या रंगाला कुणी घाबरायचे कारण नाही, पण पिवळ्या दिवशी ताडपत्री कुठे आहे हे घरात माहीत पाहिजे. आमच्या एका सहकाऱ्याने गेल्या साली ताडपत्री शेजारच्या लग्नाला दिली होती. इशारा आला, फोनही आला, ताडपत्री मांडवावर!

आणि झाकायचे की नाही याचा हिशेब आपण व्यापाऱ्यासारखा करत नाही. समजा, गंजी झाकायला दोन माणसांचा एक तास जातो. धरा, दोनशे रुपये. आणि भिजली तर दहा हजारांचा चारा जातो. मग इशारा दहातून नऊ वेळा खोटा ठरला तरी झाकणे परवडते. नऊ वेळचे अठराशे गेले, दहाव्या वेळी दहा हजार वाचले. "मागच्या वेळी सांगितलं आणि थेंबही पडला नाही" असे म्हणून हात बांधून बसणारा माणूस दोनशे वाचवतो आणि दहा हजार घालवतो.

तापमानाचे थोडक्यात सांगतो. सपाटीच्या प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा किमान ४० हवा आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर हवा. किंवा मग सरळ ४५ ला टेकला पाहिजे. ४७ ला तीव्र लाट. तेही विभागातल्या दोन केंद्रांवर आणि दोन दिवस. आता जळगावची मे महिन्याची नेहमीची दुपारच बेचाळिसाच्या पुढेमागे. म्हणजे ४४ अंशात कपाशीच्या काड्या वेचणारी आमची बहीण सरकारी व्याख्येत लाटेत नसते! तेव्हा लाट जाहीर झाली नाही म्हणून बाराच्या उन्हात मजूर लावू नका. पेपरातला आकडा सावलीतला असतो, जमिनीपासून चार फुटांवरच्या झडपांच्या पेटीतला. वावरातल्या मातीचा नसतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांवर येतो आणि तोच मे महिन्यात ४३-४४ ला जातो. एवढा हेलकावा सोसणाऱ्या मुलुखाला पुण्या-मुंबईची मापे लावून चालत नाहीत. आपल्या गावाचे आकडे आपल्याकडे पाहिजेत. त्याकडे पुढे येतो.

आता पेरणी. इथे मात्र दोष आम्ही आमच्याच माथी घेणार आहोत.

२०२५ साल आठवा. मे महिनाभर वादळी पाऊस. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला, २६ मे रोजी मुंबईत. इतक्या लवकर मुंबईत तो कधी नोंदलेला नव्हता. आपल्याकडे वावरे ओली झाली. रोहिण्या बरसल्या, आता काय बघायचे! कृषी खाते आणि हवामान खाते दोघेही सांगत होते, घाई करू नका, पाऊस थबकणार आहे. आमच्यातल्याच तिघांनी कोरडवाहू रानात सरकी टोकून टाकली. मग पाऊस थांबला तो जूनचा जवळजवळ पहिला पंधरवडा. वरून चाळिशीचे ऊन. उगवलेले दोन पानांवर करपले, न उगवलेले पापुद्र्याखाली कुजले. सरकीचे पाकीट तेव्हा नऊशे रुपयांचे. एकरी दोन पाकिटे धरा, वर टोकणीची मजुरी. पाच एकराला किती झाले ते ज्याचे त्याने मोजावे. आम्ही मोजले आणि घरी सांगितले नाही.

चूक कुठे झाली? वळवाचा पाऊस आणि मोसमी पाऊस आम्ही एकच समजलो. वळीव दुपारी येतो, वारा आणि वीज घेऊन येतो, अर्ध्या तासात चाळीस मिलिमीटर ओततो आणि त्यातले निम्मे पाणी नाल्याने तापीला जाते. शेजारच्या शिवारात धूळ असते. मोसमी पाऊस रात्रीही येतो, सकाळीही येतो, वारा नैर्ऋत्येचा धरून राहतो, दिवसाचा पारा पस्तिशीच्या आसपास किंवा खाली येऊन तिथेच राहतो, आणि जिल्हाभर पडतो. तेच चाळीस मिलिमीटर दोन दिवसांत पडले तर वीतभर जमीन भिजते. वळीव पडल्यावर दुसऱ्या दिवशी पारा पुन्हा चाळीसवर गेला, तर समजावे की मृग अजून लांब आहे. कृषी खाते ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणते. तो आकडाही एका वादळात भरला तर धरू नका, दोन-चार दिवसांच्या पावसाने भरला तर धरा. २०२३ साली उलटे झाले. केरळात ८ जूनला आलेला पाऊस मुंबईला पोचायला २५ जून उजाडला आणि मग ऑगस्ट कोरडा गेला. ज्यांनी जूनच्या पहिल्या वळवाला पेरले ते तेव्हाही फसले.

आणखी एक. गुलाबी बोंडअळीचा कोष वळवाच्या ओलाव्याने फुटतो आणि पतंग बाहेर पडतो. त्या वेळी शिवारात पाते-फूल नसेल तर त्याची पिल्लावळ उपाशी मरते. मे महिन्यात लावलेली कपाशी पात्यावर असली तर तिला जेवण तयार. म्हणजे वळवाला थांबणारा शेतकरी स्वतःचे बी वाचवतो आणि शेजाऱ्याची बोंडेही.

आता विजेबद्दल. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसे वीज पडून मरतात. ती बहुतेक खेड्यातली, वावरात काम करणारी. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. चमकल्यापासून गडगडेपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. काम तिथेच सोडायचे. पक्क्या घरात जा, नाहीतर काचा लावलेल्या जीपमध्ये, टेम्पोत बसा. निंबाखाली नाही, बाभळीखाली नाही, ट्रॅक्टरवर नाही, उघड्या पत्र्याच्या शेडखाली नाही. मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. बैल झाडाला बांधू नका. रान मोकळे असेल तर बायामाणसांनी घोळका करून उभे राहू नये, अंतर ठेवून पाय जुळवून उकिडवे बसावे. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. कुणाला वीज लागलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, बिनधास्त हात लावा, छाती दाबत राहा आणि दवाखान्यात न्या. माणूस गेलाच तर शवविच्छेदन होऊ द्या. दुःखात नको वाटते, पण त्या कागदाशिवाय मदतीची फाईल हलत नाही.

आता सरकारकडे काय मागायचे ते. खाते काहीच करत नाही असे आम्ही म्हणणार नाही, ते खोटे होईल. पाच दिवसांचा तालुक्याचा अंदाज आणि कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी तयार केलेली नवी पद्धत आली. ती बारा किलोमीटरऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटीत हवामान मोजते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर अंदाज मिळतो. आम्ही पंधरा गावांत फिरून विचारले, तुमच्या ग्रामपंचायतीत हा अंदाज कुणी वाचतो का? दोन ठिकाणी संगणकचालकाला माहीत होते. फळ्यावर लिहिलेला एकाही गावात दिसला नाही.

एकीकडे गावापर्यंत अंदाज नेण्याची भाषा, आणि दुसरीकडे जिल्ह्या-जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या भाषेत तो सांगणारी कृषी हवामान केंद्रे, देशभरातली सुमारे दोनशे, २०२४ च्या मार्चअखेर बंद केली. तिथली माणसे शास्त्रज्ञाचे पत्रक घेऊन "उद्या फवारू नका" एवढे सोपे करून सांगत. यंत्रावर कोट्यवधी आणि निरोप्याच्या पगाराला पैसे नाहीत!

रडारची गोष्ट तशीच. वादळाचा तीन तासांचा इशारा रडारवर उभा असतो. त्याचा कामाचा पल्ला अडीचशे किलोमीटर. मुंबईच्या रडारपासून धुळे सरळ रेषेत पावणेतीनशेच्या पुढे, जळगाव साडेतीनशे. नागपूरपासून जळगाव साडेतीनशेच्या वर, भोपाळपासून तीनशे. पृथ्वी गोल आणि रडारचा किरण सरळ, म्हणून मुंबईचा किरण धुळ्यावर येईपर्यंत जमिनीपासून सात किलोमीटर वर गेलेला असतो. ढगाचे मुंडासे दिसते, पाय दिसत नाहीत. म्हैसमाळचा डोंगर आपल्या दोन्ही शहरांपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तिथून पाहिले तर खानदेशाचा ढग मुळापासून दिसेल. रडार कुठलेही असो, आपल्या दोन जिल्ह्यांवर नजर ठेवणारे हवे आणि त्याचा निरोप मराठीत, गावाच्या भोंग्यावर यायला हवा.

आणि मोजणी. विम्यासाठी, अनुदानासाठी पाऊस धरतात तो महसूल मंडळाच्या केंद्राचा. 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांवर केंद्रे बसली. राज्यात गावे चाळीस हजारांवर. म्हणजे वीसेक गावांना एक केंद्र. वळवाचा ढग चार-पाच गावांवर फुटतो आणि केंद्रावर दोन मिलिमीटर. तुमच्या वावरात गारा, कागदावर ऊन. या भांडणात आपल्या हातात पुरावा नसतो.

म्हणून प्रत्येक गावाने उद्यापासून एक काम करायचे आहे. तळापासून तोंडापर्यंत सारखा रुंद, सरळ काठाचा पत्र्याचा डबा घ्या. झाडापासून आणि घरापासून दूर, मोकळ्यावर, उडणार नाही असा ठेवा. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीने आतले पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याची मोजणीही त्याच वेळेची असते. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरात चाळीस हजार लिटर. वहीत तारीख, पाऊस, वारा कुणीकडून आला, गारा पडल्या का आणि वादळाची वेळ लिहा. गारांचा फोटो घेताना शेजारी पट्टी ठेवा. ही वही सरकार मान्य करेल की नाही, यावर भांडायची आमची तयारी आहे. पण आधी वही तर असू द्या.

तालुक्याच्या प्रतिनिधींनी जाताना टेबलावरून ठरावाचा मसुदा घ्यावा. त्यात दोनच मागण्या आहेत. ग्रामपंचायतीने रोज सकाळी अंदाज फळ्यावर लिहावा आणि तीन तासांचा इशारा आला की देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा वापरून गावाला सांगावे. पुढच्या ग्रामसभेत तो मांडायचा. प्रत्येक गावाने दोन नावे आणि फोन नंबर द्यायचे, त्यात एक बाई असलीच पाहिजे, कारण दुपारी वावरात त्याच जास्त असतात. चोपडा आणि शिरपूर तालुक्यांची नावे अजून आलेली नाहीत. त्यांनी चहाच्या वेळेत लिहून द्यावीत. दुपारचे सत्र साडेअकराला सुरू करून दीडला संपवतो आहोत. आज पिवळा इशारा आहे. लांबची मंडळी तीनच्या आत घरी पोचायला हवीत, म्हणून जेवण आधी शिंदखेडा आणि साक्रीवाल्यांना वाढावे.